बेचाळीस नंबरची बाई

ती.स्व. मनकर्णाआत्यांना अंबिकाचा साष्टांग नमस्कार. (यातला ‘स्व.’ हा तीर्थस्वरूपातला आहे. मागच्या पत्रात तो वाचून आतोबा घाबरले होते म्हणे.) गुडघा कसा आहे? लसणाचं तेल सोडू नका. गंगापुरात उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले असतील, तेव्हा रस्ता ओलांडताना तुमच्या धाकावर विसंबू नका. ट्रॅक्टरवाले तुम्हाला ओळखत नाहीत.

मी बरी आहे असं लिहिणार होते. शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यात मोटारींच्या दारांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या होतात आणि माझं काम लोकांना प्रशिक्षण देण्याचं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (रबरातलं मला काही कळत नाही. मी बी.कॉम. माझं काम खुर्च्या मांडायचं आणि ‘आवाज येतोय का?’ विचारायचं.) तर आमचे नवे मॅनेजर सुदर्शन सर एक दिवस म्हणाले, “अंबिका, आपलं ज्ञान माणसांच्या डोक्यात अडकलंय. उद्या माणूस गेला की ज्ञान गेलं. सगळ्यांचं काढून घ्या.” म्हशींची धार काढायला सांगावं तसं म्हणाले. मी निघाले. ज्याला त्याला विचारलं, मशीन अडलं तर काय करता? तर मशीनवरच्या मोतीरामपासून स्टोअरमधल्या रूपापर्यंत सगळ्यांचं उत्तर एकच: “इंटरकॉमवर बेचाळीस लावतो. बाई सांगते.”

ही बाई कोण, ते कुणालाच माहीत नाही. रूपाला वाटायचं ती लॅबमधली, लॅबवाल्यांना वाटायचं स्टोअरमधली. शेवटी मीच बेचाळीस लावला. त्या दिवशी हवा दमट होती आणि रबर साच्याला चिकटत होतं. “पावडर ओलावलीय बाई,” पलीकडून शांत आवाज आला. “गोण्या भट्टीजवळ ठिवा, मग घाला.” तसं केलं आणि रबर सुटलं. मी विचारलं, आपण बसता कुठं? “तुमी उभ्या हायत तिथनं लांब नाय,” एवढं बोलून फोन ठेवला.

मग मी इलेक्ट्रिशियन साहेबरावांना वायरीमागं लावलं. वायर छतावरून कँटीनवर गेली, तिथून जुन्या गोदामात उतरली आणि भिंतीपाशी संपली. पुढं काही नाही. तांब्याची दोन टोकं नुसती हवेत, वर कोळिष्टकं. साहेबरावांनी ती बोटानं हलवून पाहिली.

“मॅडम, वायर तर हितंच संपली.”

“मग फोन कसा लागतो?”

“फोन चांगला हाय की. कंप्लेंट नाय कुणाची,” म्हणाले आणि चहाला निघून गेले.

सुदर्शन सरांना सांगितलं, तर त्यांना वायरीचं काहीच वाटलं नाही. “एक्स्पर्ट आहेत ना? शनिवारी त्यांचं सेशन ठेवा.” ठेवलं. सगळे हॉलमध्ये जमले, टेबलावर फोन, स्पीकर चालू. मी म्हटलं, बाई, जे येतं ते आज सगळ्यांना सांगा. स्पीकर खरखरला. मग आवाज आला, “सांगते. पण एकीलाच. बाकीच्यांनी भायेर जावा.” आणि आत्या, मी आजवर इतक्या बैठका घेतल्या, पण हॉल इतक्या लवकर रिकामा झालेला पाहिला नाही. सुदर्शन सर सगळ्यांत पुढं. जाताना म्हणाले, “नोट्स घ्या.” बाहेरून दारही त्यांनीच ओढून घेतलं.

ती काय बोलली ते मला आठवत नाही. कान गार पडत गेले एवढंच आठवतं. भानावर आले तेव्हा रिसीव्हर माझ्या हातात होता आणि फोन मुका. तेव्हापासून बेचाळीस लागत नाही.

सोमवारी रूपानं मला फोन केला, साचा तडकलाय, काय करू? मी ‘मला काय माहीत’ म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, “डाव्या अंगाचा बोल्ट ढिला हाय बाई, आदी त्यो बघा.” तो ढिलाच होता. आता सगळा कारखाना मलाच विचारतो, आणि मी सांगते, आणि सांगून झाल्यावर मलाच नवल वाटतं. सर खूश आहेत. ज्ञान हस्तांतरित झालं म्हणून केक कापला. मला कायमची जागाही दिली आहे, जुन्या गोदामात.

आतोबांना नमस्कार. लहानांना आशीर्वाद.

तुमची,
अंबिका

ता.क. पत्राचं खरं कारण असं, की तुम्ही थोडे दिवस माझ्याकडं राहायला या. मला माझ्याच आवाजाची भीती वाटते. सोबतीला असं माणूस हवं की जे काहीच विचारणार नाही, आणि अख्ख्या खानदानात ज्यांना कधी कुणाला काही विचारावं लागलेलं नाही अशा तुम्ही एकट्याच आहात.

आणखी ता.क. नथ चोरीला गेलेली नाय बाई. हिरव्या शालूच्या तिसऱ्या घडीत अडकलीय. धुणंवालीवर उगं संशय नका घेऊ.

(आत्या, वरची ओळ मी लिहिली खरी, पण तुमची नथ हरवलीय, हे मला कुणी सांगितलं?)