कागदावर शाबूत असलेल्या दाढेबाबत

प्रति,
मा. मुख्य तपासणी अधिकारी,
बालदंतरक्षण योजना, सांगली.

विषय : कु. राही आकाराम खोत हिच्या नावापुढील ‘दाढ सुरक्षित’ हा शेरा खोडण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ३ मार्च १९७८ चे पत्र.

महोदय,

अर्जदार आकाराम ज्ञानू खोत, रा. बोरखडी, आष्ट्याजवळ, हा सैन्याच्या दंतपथकात नऊ वर्षे मदतनीस होता. सध्या आपल्या योजनेत हंगामी शिपाई आहे. त्याची हकीकत अशी.

१. दि. १२ जानेवारी १९७७ रोजी बोरखडीच्या शाळेत शिबिर भरले. सहाव्या वर्षी येणारी दाढ पक्की असते, गेली की पुन्हा येत नाही. तिच्या खाचांत कीड धरू नये म्हणून त्या लेपाने बुजवायच्या होत्या. मिरजेहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी दुपारपर्यंत अकरा मुले केली. दाढ घासायची, आम्ल लावून धुवायची, कापसाच्या बोळ्यांनी थुंकी अडवून खडूसारखी पांढरी दिसेपर्यंत वाळवायची, मगच लेप.

२. दुपारी शिबिरप्रमुख हंबीरराव आले. चार वाजता पाहुणे येणार, तोवर चाळीस मुले झालीच पाहिजेत, असा त्यांचा हुकूम झाला. ओल्या दाढेवर लेप धरत नाही, असे काम आपण करणार नाही, असे सांगून बाई मिरजेस निघून गेल्या. अर्जदारही म्हणाला, “साहेब, दाढ वाळायला वेळ लागतोय.” त्यावर हंबीरराव म्हणाले, “मिलिटरीत शिकलायस न्हवं? मग लाव की गड्या पटापट!” अर्जदाराने लेपाची कुपी हाती घेतली.

३. शेवटची मुलगी अर्जदाराची राही. तिने जीभ हलवली, बोळा भिजला. तो बदलायला हवा होता. तेवढ्यात बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला. अर्जदाराने ओल्या दाढेवरच लेप फासला. “आबा, आता कीड लागणार न्हाई न्हवं?” असे राहीने विचारले. तो “न्हाई” म्हणाला.

४. लेप दोन महिन्यांत निघाला. यंदा माघात तिचा गाल सुजला, ताप चढला. मिरजेस नेले, दाढ काढावी लागली. काढणाऱ्या त्याच बाई होत्या. त्यांनी काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते. घरी राहीच्या आईने, साळूबाईने, मात्र विचारले, “तुमास्नी समजत हुतं, मग तवा का हात आवरला न्हाई?” तेव्हापासून ती अर्जदाराशी बोलत नाही.

५. फेरतपासणी मागितली असता, नोंदीप्रमाणे दाढ सुरक्षित असल्याने तपासणीस कारण दिसत नाही, असे आपण कळविले. महोदय, दाढ तोंडातच नाही.

६. तरी सदर शेरा खोडावा. बाकीच्या अठ्ठावीस मुलांच्या दाढा तातडीने तपासाव्यात. काही अजून वाचतील. आणि त्या एकोणतीस नावांपुढे ‘लेप लावणाऱ्याचे नाव’ या रकान्यात बाईंचे नाव घातले आहे, तेथे अर्जदाराचे घालावे. नोकरी जाईल हे त्यास ठाऊक आहे. बाईंना नाही म्हणता आले. त्याला आले नाही.

आपला, चूक कबूल असलेला,
आकाराम ज्ञानू खोत
बोरखडी, दि. २० मार्च १९७८

सोबत : दवाखान्याची चिठ्ठी, अठ्ठावीस मुलांची नावे, अर्जदाराच्या हस्ताक्षरात.