बाबांच्या कढईतलं तेल

सर, काल मेहकरहून आलेल्या दोन विद्यार्थिनींना मी आमचा छोटा कारखाना दाखवत होते. हॉटेलांतून गोळा केलेलं जळकं तेल टाकीत सावकाश ढवळलं जात होतं. त्याचं बायोडिझेल कसं होतं ते समजावताना तुमचंच वाक्य तोंडी आलं, ‘एन्झाइमला घाई सोसत नाही.’ म्हणून आज हे पत्र लिहायला बसले.

तेव्हा मी चिखलीला कॉलेजात होते. उंद्रीला बाबांचं भज्यांचं हॉटेल. सकाळी तिथे हातभार लावून मी बस पकडायची, त्यामुळे ओढणीला कायम तळणीचा वास. प्रयोगशाळेत मी मुद्दाम शेवटच्या टेबलाशी, खिडकीजवळ उभी राहायची. वापरलेल्या तेलापासून इंधन करण्याचा प्रयोग तुम्ही मला दिलात, तेव्हा वाटलं, वासावरूनच दिला असणार. रागारागात बाबांच्या कढईतलं काळं तेल आणलं, पुस्तकाप्रमाणे त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घातला, तर सगळ्याचा साबणासारखा चिकट गोळा झाला. मी तो फेकून दिला.

“काऊन फेकलं?” तुम्ही विचारलंत.

“बिघडलं होतं, सर.”

“काऊन बिघडलं ते पाह्यलं काय? चुकलेलं फेकाचं नसते पोरी, आधी मले दाखवाचं.”

मग तुम्ही खडू घेऊन तासभर समजावलंत. पुन्हा पुन्हा तळलेल्या तेलात आम्ल वाढतं, कॉस्टिकनं त्याचा साबण होतो. कॉस्टिकऐवजी एन्झाइम वापरलं, तर त्याला मात्र असलं तेलही चालतं. पुढच्या आठवड्यात तुम्ही स्वतः नागपूरला गेलात आणि एन्झाइमची लहानशी बाटली बर्फाच्या डब्यात घालून, एसटीत मांडीवर धरून आणलीत. पाणी हाताला सोसेल इतकं कोमट, त्यात तेलाचा चंबू. मिथेनॉल थोडं थोडं द्यायचं, एकदम दिलं तर एन्झाइम निकामी. दुसऱ्या दिवशी पाहते, तर तळाशी दाट ग्लिसरीन बसलंय आणि वर पिवळं, पातळ इंधन तरंगतंय. तुम्ही फक्त म्हणालात, “आता कॅनभर कर.”

कॅन भरला तेव्हा तुम्ही बाबांना बोलावणं धाडलंत. ते दाराशीच चपला काढून उभे राहिले. तुम्ही त्यांना हाताला धरून आत आणलंत, स्वतःच्या खुर्चीत बसवलंत, मग कॉलेजच्या बागेतल्या पाण्याच्या इंजिनाशी नेलंत, टाकीत माझं इंधन ओतलंत. इंजिन धडधडू लागलं.

“माह्या तेलावर चालून राह्यलं काय हे?”

“हाव दादा. तुमच्या पोरीनं केलं.”

बाबांनी धुरापाशी वाकून वास घेतला. “भज्याचाच वास येऊन राह्यला न,” ते म्हणाले. सगळी मुलं हसली. मी पुढे होऊन बाबांच्या शेजारी उभी राहिले. त्या दिवसानंतर मी शेवटचं टेबल सोडलं. आजचं माझं सगळं काम तिथूनच सुरू झालं, सर.

तुम्ही गेल्यावर लिहिलेलं हे पत्र तुमच्या घरी पाठवणार नाही, कारण काकू वाचतील. तुमच्या आजारपणात त्यांनी फोन केला होता, “सर तुझी आठवण काढून राह्यले,” म्हणाल्या. टाकी चालू आहे, सोडून येता येत नाही, असं मी सांगितलं. त्या दिवशी टाकी रिकामी होती. तुम्हाला खाटेवर बघायची माझी हिंमत झाली नाही.