लॉट एकशे बाराचा डबा

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, व्यवसाय चहा चाखणे व चहाची मिश्रणे बांधणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलाशी बसून, सकाळचे दोन पेले चाखून झाल्यावर लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. स्मरणशक्ती, दुर्दैवाने, त्याहून चांगली आहे. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. तशी कोणाची छातीही नाही. येत्या सोळा तारखेला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. काळजीचे कारण नाही असे सर्जन म्हणतात, पण म्हणताना ते माझ्याकडे न बघता फाइलकडे बघतात. म्हणून हे लिहून ठेवते. नऊ वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात एक गोष्ट लिहायची मी टाळली होती.

कलम १. या कागदाप्रमाणे ज्याचे त्याला पोचवण्याचे काम माझ्या भाचीने करावे. ती माझ्या मधल्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती, तेव्हापासून माझ्याकडे आहे. चिडकी आहे पण दिलेला शब्द पाळते. चिडकेपणा माझ्याकडून उचलला, दुसरा गुण तिच्या आईचा.

कलम २. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आतल्या सामानासह, भाचीला. स्वयंपाकघराची खिडकी पूर्ण लागत नाही. ती दुरुस्त करून घेऊ नये. कोको भाजल्याचा वास तिथूनच बाहेर जातो, नाहीतर उशीलासुद्धा चॉकलेटचा वास लागतो आणि झोप येत नाही.

कलम ३. खालचे दुकान, गोदाम आणि जिना चढून लागणारी चाखण्याची खोली यांचा अर्धा हिस्सा भाचीला आणि अर्धा माझ्या धाकट्या भावाला. भाचीला हे मी तोंडी सांगितले आहे. ती म्हणाली, "मावशी, मामा तर चहाचं नावसुद्धा काढत नाही. त्याला गोदाम देऊन तो काय करणार?" त्याचे उत्तर कलम सातमध्ये आहे.

दुकानाच्या पाटीवर पूर्वी 'बहीण-भाऊ चहावाले' असे होते. त्यातल्या 'भाऊ' वर मी रंग मारून घेतला. तो रंग खरवडून काढावा. खालची अक्षरे फुगून वर आलेली आहेत, उन्हात उभे राहिले की दिसतात. मला रोज दिसत होती.

आणखी एक. दुकानात बाटलीतला चॉकलेटचा अर्क आणू नये. यावर भाचीचे आणि माझे अनेकदा वाजले आहे. "लोकांना तोच आवडतो गं. बाटली उघडली की दुकानभर चॉकलेट," असे तिचे म्हणणे. दुकानभर चॉकलेट आणि पेल्यात काही नाही, असे माझे. माझ्यामागे ती तिच्या मनासारखेच करील, हे मला ठाऊक आहे. निदान वर्षभर तरी थांबावे, एवढीच विनंती.

कलम ४. तराजू, अठरा पांढरे पेले, चाखायचे चमचे, वाळूचे घड्याळ आणि पितळी पिकदाणी भाचीला. पिकदाणी रोज घासावी. तिला ते काम कमीपणाचे वाटते. मला बावन्न वर्षे वाटले नाही.

सोबत कृतीही देते, कारण ती नेहमी घाई करते. चॉकलेटच्या कारखान्यात कोकोच्या बिया भाजून सोलल्यावर जी टरफले उरतात, त्यांच्यावर आपला धंदा आहे. डब्यात टरफलांची पुडी वेगळी आणि पत्तीची वेगळी असते ती उगीच नाही. टरफले आधी, एकटी, खळखळत्या पाण्यात, झाकण ठेवून सहा मिनिटे. मग त्यात चहाची पत्ती, तीन मिनिटे. दोन्ही एकदम टाकले तर टरफले कच्ची राहतात आणि पत्ती कडवट होते. दूध घालायचेच असेल तर गाळल्यावर. चाखताना आवाज करून ओढावे. पाहुण्यांसमोर लाज वाटते म्हणून मुकाट्याने घोट घेणाऱ्याच्या नाकापर्यंत चहा पोचतच नाही.

कलम ५. बँकेतली ठेव भाचीला. त्यातून डबे भरणाऱ्या दोघींना एकेक वर्षाचा पगार द्यावा. दोघींनी माझा आवाज फार सहन केला.

कलम ६. किरकोळ.

खालच्या शिंप्याची मोठी कात्री माझ्या खणात आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे ऐकते. तर ही देणगी नव्हे. कात्री त्याचीच आहे, सहा वर्षांपूर्वी टरफलांची पोती कापायला आणली होती आणि तो रोज मागतो.

कोकोच्या कारखान्याच्या व्यवस्थापकाला काही नाही. त्याने मला तीनदा ओली टरफले विकली आणि तिन्ही वेळा हवेला दोष दिला. माझ्या अंत्ययात्रेला आला तर येऊ द्यावे, पण त्याला बसायला खुर्ची देऊ नये.

दुकानातल्या भिंतीवर काचेत लावलेले वर्तमानपत्राचे कात्रण आहे. त्यात माझा फोटो असून खाली 'चाळीस पेट्या फेकून देणारी बाई' असे छापले आहे. गिऱ्हाईक तेच वाचून आत येते. हे कात्रण मी जिवंत असेपर्यंत काढायचे माझ्याच्याने होणार नाही. काढून टाकावे. काच चांगली आहे, ती वापरावी.

कलम ७. लॉट एकशे बाराचा राखीव डबा माझ्या धाकट्या भावाला द्यावा. हे कलम लांब आहे. ज्याला घाई असेल त्याने बाहेर जाऊन बसावे.

आमच्याकडे प्रत्येक लॉटमधला एक डबा राखून ठेवतात, पुढे कोणाची तक्रार आली तर तपासता यावा म्हणून. झाकणाला लाल मेण लावायचे काम धाकट्याचे. मेण ऊन असतानाच तो त्यावर अंगठा दाबायचा. दर वेळी भाजायचे, पण सवय सोडली नाही. गोदाम त्याच्याकडे, चाखणे माझ्याकडे. खरे म्हणजे नाक त्याचे अधिक चांगले होते. हे मी त्याला कधी बोलून दाखवले नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही एकशे बारावा लॉट बांधला. चाळीस पेट्या, एका मोठ्या हॉटेलवाल्यासाठी. तो चाखायच्या आदल्या दिवशी माझी दाढ ठणकत होती म्हणून मी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी दाढेत तात्पुरते सिमेंट भरले. त्यात लवंगेचे तेल असते. "तीन दिवस औषधाची चव येत राहील, चहा चाखू नका," असे त्यांनी बजावले. दाताचे काम झाल्यावर तीन दिवस पेल्याला तोंड लावायचे नाही, हा आमच्या धंद्यातला नियमच आहे आणि तो सगळ्यांकडून घोकून घेणारी मीच. पण हॉटेलवाला दुसऱ्या दिवशी येणार होता, आणि माझ्या जागी धाकट्याने चाखावे हे मला नको होते. दाढेचे मी कोणालाच सांगितले नाही. सकाळपर्यंत तोंडातली चव गेली असे मला वाटले. ती गेली नव्हती, मला तिची सवय झाली होती. गरम चहा दाढेला लागला की ती पुन्हा सुटत होती.

सात पेट्यांतले सात पेले मांडले. सातही पेल्यांत मला फिनेल लागले.

"गोदामाची फरशी कशाने पुसलीस?" मी विचारले.

"साध्या पाण्याने, ताई."

"मग फिनेल आलं कुठून? टरफलं वास धरतात हे तुला माहीत नाही?"

त्याने सातही पेले चाखले. परत पहिल्यापासून चाखले. मग म्हणाला, "ताई, मला तर काहीच लागत नाही गं. छान झालाय. आजवरचा सगळ्यात छान."

हॉटेलवाला समोर बसला होता. मी म्हणाले, "मग तुझं नाक गेलंय. आणि नाक गेलेल्या माणसाने गोदाम सांभाळू नये."

चाळीस पेट्या नगरपालिकेच्या खड्ड्यात ओतल्या. हॉटेलवाला स्वतः काही न चाखताच माझ्यावर खूश झाला आणि सगळीकडे सांगत सुटला. तिथून ते कात्रण, तिथून आमचे नाव. आज दुकान उभे आहे ते त्या चाळीस पेट्यांवर.

धाकटा भांडला असता तर बरे झाले असते. तो भांडला नाही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. महिनाभर तो गोदामात एकेक पोते हुंगत फिरायचा आणि मला विचारायचा, "याला येतोय का गं वास?" मग बायकोला घेऊन दुसऱ्या शहरात गेला. तिथे रंगाच्या गोदामात काम करतो, जिथे नाक नसले तर बरेच. भाची त्याच्याकडे जाऊन येते. ती सांगते की मामा फक्त गरम पाणी पितो, आणि दूध नासले आहे का हे मामीला विचारतो. पातेले स्वतःच्या हातात असते, तरी मामीच्या नाकाशी नेतो.

पुढे केव्हातरी त्याच दाढेत मला पुन्हा तेच सिमेंट भरावे लागले. घरी येऊन सवयीने रोजचा चहा घेतला, आणि त्यात तेच फिनेल. मी आठवडाभर काही चाखले नाही. मग लॉट एकशे बाराचा राखीव डबा फळीवरून काढला, चमचाभर चहा करून पाहिला आणि पुन्हा मेण लावून बंद केला. फिनेलचा मागमूस नव्हता. आधी भाजलेल्या टरफलाचा कोरडा कडूपणा, मग पत्ती, आणि घोट गेल्यावर बऱ्याच वेळाने, कोणी मागे ठेवून जावी तशी चॉकलेटची गोडी. तो आजवरचा सगळ्यात छान होता. चाखणारा घोट थुंकतो. मी तो गिळला.

माझा दोष आहे. त्याचे नाक शाबूत होते. हा डबा त्याने घ्यावा, स्वतःच्या हाताने चहा करावा आणि एकट्याने चाखावा. आता चहा जुना झाला असेल, पण फिनेल नसेल. त्याला जे लागेल तेच खरे धरावे.

हे सर्व मी समजून उमजून लिहिले असून खालील दोघांच्या देखत सही करीत आहे.

ठिकाण: चाखण्याची खोली. तारीख: ३ फेब्रुवारी.

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचे शिंपी. सही केली नाही.
साक्षीदार २: दातांच्या डॉक्टरीणबाई. सही केली नाही.

सह्या का नाहीत ते नोंदवते. शिंपी वाचल्याशिवाय कशावरही सही करीत नाहीत. कात्रीच्या कलमाला हसले. सातवे कलम त्यांनी दोनदा वाचले आणि कागद खाली ठेवला.

"हे त्याने वाचायचं कधी? तुम्ही गेल्यावर?"

"मृत्युपत्र असंच असतं," मी म्हणाले.

"मग तो ओरडणार कुणावर, ताई?"

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावले. "मी तुम्हाला तीन दिवस थांबायला सांगितलं होतं," एवढेच म्हणाल्या. दोघेही जिना उतरून गेले. मी टेबलाशी बसून राहिले. रागही आला, पण कोणाचा ते ठरेना.

पुरवणी. तारीख: १४ फेब्रुवारी.

वर लिहिलेल्या मृत्युपत्रात पुढील बदल करते.

एक. कलम ७ मधील डबा मी पाच तारखेच्या टपालाने धाकट्याला पाठवला, सोबत त्या कलमाची नक्कल. सबब ती देणगी रद्द. काल त्याचे कार्ड आले. एकोणीस वर्षांत पहिले. ते जसेच्या तसे उतरवते.

"ताई, डबा पोचला. टरफलं सहा मिनिटं, पत्ती तीन. अंगणात बसून केला, रंगाचा वास नको म्हणून. म्हातारा झालाय पण स्वच्छ आहे. मी बायकोलाही दिला, तिला काही कळत नाही, ती म्हणाली बरा आहे. मी रडलो. पण ताई, झाकणावरचं मेण माझं नाही. माझ्या मेणावर अंगठा असायचा. हे चमच्याने दाबलंय. आणि ताजंही नाही, पार तडकलंय. तू 'पुढे केव्हातरी' लिहिलंयस. डबा कधी उघडला होतास?"

दोन. कलम ७ मधील 'पुढे केव्हातरी' हे शब्द खोडावेत. त्यांच्या जागी 'त्यानंतर दोन वर्षांनी, म्हणजे आजपासून सतरा वर्षांपूर्वी' असे वाचावे.

सतरा वर्षे मला माहीत होते. सतरा वर्षांत टपाल एक दिवसही बंद नव्हते. पहिल्या वर्षी वाटले, हंगाम संपू दे. मग ते कात्रण वाचून आत येणारी माणसे वाढली, आणि तो तिकडे रुळला असेल असे मी स्वतःला सांगितले. भाचीने दुधाचे सांगितले त्या दिवशी मी जेवले नाही, दुसऱ्या दिवशी जेवले. मला भीती वाटत होती. अजून वाटते. झडपेची नाही.

तीन. ते कात्रण मी आज स्वतः उतरवले. पाटीवरचा रंग भाची खरवडते आहे, आवाज येथपर्यंत येतो. सबब त्या दोन सूचना रद्द, बाकी कलमे कायम.

चार. या पुरवणीची नक्कल आजच्या टपालाने धाकट्याला जात आहे. मला सोळा तारखेला सकाळी आठ वाजता नेणार आहेत. त्याच्या शहराहून इथे यायला एक रात्र लागते. त्याला यायचे असेल, ओरडायला का होईना, तर दुकानाचे दार उघडे असेल. ही बाब मृत्युपत्रात बसत नाही हे मला समजते. तरी ती राहू द्यावी.

ठिकाण: चाखण्याची खोली.

सही: ताई

साक्षीदार १: शिंपी, खालचा मजला. सही केली. कात्री मिळाली.
साक्षीदार २: दातांच्या डॉक्टरीणबाई. सही केली. पत्र जाता जाता मी स्वतः टपालात टाकते आहे, उद्या पोचेल.