अंगणातली चिलटं आणि माझी गादी

ती. मामीस,

लांबूनच वाकून नमस्कार. (जवळ असतो तर तुम्ही "पाया नंतर पड, आधी चपला बाहेर काढ" म्हणाला असता, म्हणून लांबूनच बरा.) तुमचा गुडघा, मामांचा खोकला आणि मोरीमागची तुमची लाडकी कर्दळ, तिघंही ठणठणीत असतील असं धरून चालतो. कर्दळीचं मुद्दाम विचारलं. मी तिला चेंडूने कितीदा आडवी केली, तरी भांड्यांचं पाणी पिऊन ती आठवड्यात परत उभी. असली निगरगट्ट बाई मी दुसरी पाहिली नाही. माझी तब्येत म्हणाल तर डोळे लाल, कान सुजलेले, आणि खाण्याची चंगळ आहे, कारण तोंड उघडलं की चिलट आपणहून आत जातं.

पत्राचं कारण एवढंच, की ही नोकरी मी सोडतो आहे. मामांना सांभाळून सांगा. गॅरेज का सोडलं आणि गिरणी का सोडली हे त्यांनी या निमित्ताने पुन्हा काढू नये, तो विषय संपलेला आहे. पत्र मिळालं की माझी गादी माळ्यावरून काढून उन्हात घाला, म्हणजे मी येईपर्यंत तिचा कुबट वास जाईल.

आता झालं काय ते सांगतो. बाईंनी मला ठेवलं ते माळी म्हणून. (झाडांतलं कळतं का विचारलं, तर मी म्हटलं, मामीकडे बाग होती. बाग म्हणजे तुमची कर्दळ, पण तेवढं खोलात कोण जातं.) बाई भाड्याने खोल्या देतात, भाडेकरूंना जेवण देतात आणि मागच्या अंगणात कुंड्याच कुंड्या आहेत. त्या सगळ्या बाईंच्या वारलेल्या नवऱ्याने लावलेल्या. बाई त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. "यांचं खूळ," एवढंच म्हणतात आणि दार लोटून घेतात. काम सोपं होतं, रोज संध्याकाळी पाणी घालायचं आणि पानं झाडायची. मी म्हटलं, चला, एकदाचं नशीब उघडलं. तेवढ्यात त्यातून चिलटं बाहेर पडली.

थोडीथोडकी नाहीत, मामी. कुंडीला हात लावला की मातीतून धूर निघाल्यासारखी उठायची. वर घड्याळं दुरुस्त करणारे एक काका राहतात, ते उजेडासाठी अंगणात बसून काम करतात. डोळ्याला भिंग लावलं आणि पुढे चिलट आलं की त्यांना रेडा अंगावर आल्यासारखं वाटतं आणि हातातला स्क्रू उडतो. तो शोधायला मी. मग बाईंचा मुलगा आला. तो दुसरीकडे मोठ्या नोकरीला असतो आणि आल्यावर सगळ्या वस्तूंकडे मोडीत काढायच्या नजरेने बघतो. त्याच्या चहात एक चिलट पडलं, ते काढायला वाकला तर दुसरं डोळ्यात गेलं. तो म्हणाला, "आई, पुढच्या खेपेला हे असंच असलं तर मी कुंड्या उचलून अंगणाला फरशी घालणार." बाई म्हणाल्या, "घाल बाबा. मला काय करायच्यात कुंड्या. ज्यांचं खूळ होतं ते गेले." इतकं थंडपणे म्हणाल्या की मला वाटलं, सुटले सगळे. फक्त मी अडकलो, कारण फरशीला माळी लागत नाही.

म्हणून मी कंबर कसली. आधी धूर केला. पत्र्यावर वाळकी पानं पेटवली, तर चिलटं शहाण्यासारखी घरात जाऊन बसली आणि माणसं खोकत अंगणात आली. मग वाट्यांमध्ये व्हिनेगर, साखर आणि साबणाचं पाणी घालून ठेवलं. भाडेकरूंचं जेवण रांधणाऱ्या आचाऱ्याने सांगितलं होतं, वासाला येतात आणि बुडून मरतात. आली ना. आमची आलीच, पण बाकीच्या गल्लीतलीही आली. जणू मी पंगत मांडली होती. मेली त्यापेक्षा दुप्पट राहायला थांबली. त्यातली एक वाटी घड्याळवाल्या काकांनी सरबत समजून तोंडाला लावली. तेव्हापासून ते बोलले की मला बुडबुडे दिसतात. मग पिवळ्या पुठ्ठ्यांना डिंक फासून ते काठ्यांवर लावले. त्यांना चिलटं चिकटली हे मी कबूल करतो. माझे केसही चिकटले, आणि आचाऱ्याने ते भाजीच्या सुरीने कापले, त्यामुळे सध्या मी एका बाजूने बरा दिसतो. शेवटी टेबलफॅन लावला. चिलटांना वारा सोसत नाही, ती पंख्यासमोरून पार नाहीशी झाली आणि सगळी आचाऱ्याच्या खिडकीत गेली. त्याने पंखा माझ्याकडे फिरवला, मी त्याच्याकडे फिरवला, आणि या भांडणात पंखा जळाला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

(आचारी हा माणूस बडबड्या आहे, पण वाईट नाही. माझ्या ताटात पहिली पोळी जाडी टाकतो, म्हणतो अंगाला लागेल.)

मुलगा पुढच्या रविवारी येणार असा निरोप आला. मी हात टेकले. म्हटलं, निदान ही पैदास निघते कुठून ते तरी बघू. दुपारी सगळं घर पडलेलं असताना तोंडाला टॉवेल गुंडाळून पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसलो. तर आधी आला आचारी. इकडे तिकडे बघत, चोरासारखा, भाज्या धुतलेल्या पाण्याची बादली घेऊन. आणि सगळ्या कुंड्यांना भरभरून पाणी घालून गेला. मी टाकीमागून उठणार, तेवढ्यात दार वाजलं आणि बाई आल्या.

हातात मोठा मग. एकेका कुंडीत जपून पाणी घालत पुढे सरकत होत्या आणि तोंडाने पुटपुटत होत्या. मला वाटलं शिव्या देतायत. दिल्याच, पण कशा ते ऐका. लिंबाच्या कुंडीपाशी थांबून म्हणाल्या, "अहो, प्या आता. ते पोरगं नुसतं चिलटांमागे पळतं, त्याला तुमची काय पडलीय." लिंबाला अहो म्हणाल्या, मामी. मग एक वाळकं पान काढलं, मुठीत धरलं आणि आत गेल्या. एक चिलट टॉवेलातून माझ्या नाकात गेलं तरी मी शिंकलो नाही.

म्हणजे हिशोब बघा. आचाऱ्याला वाटतं मी पाणी घालत नाही, बाईंना वाटतं कोणीच घालत नाही, आणि मी तर पगारच त्याचा घेतो. तिघांनी मिळून कुंड्यांचा चिखल केला आणि चिलटांना त्यात बाळंतिणीच्या खोल्या काढून दिल्या. माती वरून सुकली तर ती तिथे अंडी घालत नाहीत. एवढी साधी गोष्ट, आणि मी आख्ख्या अंगणाला धुरी देत बसलो होतो.

आचाऱ्याला गाठलं. तो उलट माझ्यावरच आला, "तू दिवसभर चिलटांशी कुस्ती खेळतोस, झाडांना कोण बघणार?" पण ऐकलं त्याने. मी माझं पाणी थांबवलं, कुंड्यांखालच्या बशा उपड्या केल्या आणि समोर बांधकाम चालू आहे तिथून विचारून कोरडी वाळू आणून प्रत्येक कुंडीत वरून पसरली. बाईंना मात्र बोललो नाही. काय बोलणार? तुम्ही लिंबाशी बोलता ते मी ऐकलं, हे कुठल्या तोंडाने सांगू? त्या रोज दुपारी पाण्याचा मग घेऊन येत राहिल्या आणि मी कुंड्यांकडे पाठ करून झोपल्याचं सोंग करत राहिलो. एकट्या मगाने चिखल होत नाही, पण मातीही धड सुकत नाही.

रविवारी मुलगा आला. चिलटं नव्हतीच म्हटलं तरी चालेल. सगळे अंगणात चहाला बसले. तो अंगणाची रुंदी पावलांनी मापून आला आणि खुर्चीत टेकला, आणि तेवढ्यात एक चिलट, एकुलतं एक, माझ्याशी सात पिढ्यांचं वैर असल्यासारखं थेट त्याच्या कपात पडलं. तो मोबाइलमध्ये बघत होता. बाईंनी शांतपणे त्याचा कप आपल्याकडे ओढला, आपला त्याच्यापुढे सरकवला आणि चिलटासकट चहा पिऊन टाकला. मुलाने वर बघितलं. म्हणाला, "चिलटं गेली वाटतं." बाई म्हणाल्या, "केव्हाच. फरशीचा खर्च तेवढा वाचला तुझा." आणि तोंड पुसून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी घाईने पानं झाडायला लागलो.

तर असं आहे. कुंड्या वाचल्या, पण बाईंचा मग चालूच आहे, आणि आता त्या खुशीत जास्तच भरून आणतात. चिलटं परत येणार हे मला दिसतंय. सांगता येत नाही आणि बघवत नाही. असल्या घरात माळ्याने करायचं काय? म्हणून म्हणतो, मी येतो. मामांना नमस्कार, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा भाचा

ता. क. निघण्याआधी एक काम करून जाईन म्हणतो. तुमच्या कर्दळीचा एक कंद ओल्या कापडात गुंडाळून पाठवा. लिंबाशेजारी जमिनीत लावतो. तिला कितीही पाणी घातलं तरी ती तक्रार करत नाही आणि मरतही नाही. बाईंना सांगेन, हिला दुपारचं पाणी लागतं, ते माझ्याच्याने होत नाही, तुम्ही बघाल का.

ता. क. दोन पाठवा. आचारी बादली घेऊन मोरीपाशी उभा राहतो आणि ते पाणी ओतताना त्याचा चेहरा बघवत नाही.

ता. क. तीनच पाठवा. संध्याकाळी माझेही हात शिवशिवतात. गादी उन्हात घातली असेल तर परत माळ्यावर टाका.