जरा उजळ काढा

७ ऑक्टोबर

नेकनूरला पोचले. बीडहून एसटीत खिडकीची जागा मिळाली आणि ती खिडकी उघडतही होती. पन्नाशीला टेकलेल्या बाईला यापेक्षा मोठा शुभशकुन लागत नाही. स्टँडवर गहिनीनाथकाका स्वतः घ्यायला आले होते. माझी पिशवी घ्यायला निघाले, पण त्यांचे हात इतके थरथरत होते की मीच ती धरून ठेवली. या थरथरत्या हातांमुळेच मला ही नोकरी लागली. स्टुडिओ त्यांचा आहे, कॅमेरा अजून तिपाईवर ठेवून चालवतात, पण अंधाऱ्या खोलीत फोटो धुणं आता त्यांच्यानं होत नाही. माझं सगळं आयुष्य संभाजीनगरच्या एका लॅबच्या अंधाऱ्या खोलीत गेलं, आणि ती लॅब या उन्हाळ्यात बंद पडली.

केसरकाकूंनी ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. "लाजू नकू मोहिनी, घर समजून ऱ्हा," म्हणाल्या. स्टुडिओमागची खोली मला दिली आहे. पंखा फिरतो, खिडकीबाहेर कडुलिंब आहे. खूप दिवसांनी बरं वाटलं.

ही डायरी सुकन्याची. माझी लेक नर्स आहे, औषध कंपन्यांच्या डायऱ्या तिच्याकडे ढिगानं पडलेल्या असतात. रोज चार ओळी लिही, म्हणजे भिंतींशी बोलायची वेळ येणार नाही, म्हणाली. मुलगी शहाणी आहे. बापावर गेली नाही हे माझं नशीब.

१० ऑक्टोबर

मोबाईलच्या जमान्यात इथे फोटो धुऊन कोण घेतं, हा माझा प्रश्न आज सुटला. या भागातली पुष्कळ घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, मागे म्हातारी माणसं आणि जनावरं राहतात. इथल्या काही घरांत रीत अशी, की निघण्याआधी नवरा-बायकोचा जोडीनं फोटो काढायचा आणि दाराकडे तोंड करून भिंतीला लावायचा. त्याला राखणीचा फोटो म्हणतात. दिवेलागणीला म्हातारी त्याच्यापुढे दिवा लावते, शेळी व्याली, पत्रा उडाला, सगळं त्याला सांगते. भिवराबाई नावाच्या आजी आज चौकशीला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, माणूस न्हाई तर माणसाचं रूप तरी घरात पाहिजे, न्हाईतर घर उठून जातं. प्रिंटरवर काढलेले रंगीत फोटो पत्र्याखाली एका उन्हाळ्यात उडतात, म्हणून हा असा, औषधात धुतलेला, काळा-पांढरा.

एनलार्जर काकांच्या तरुणपणचा आहे. उंच खांबाला टांगलेला कंदीलच म्हणा: वर बल्ब, मध्ये निगेटिव्ह, खाली कागद. बल्बचा उजेड कमी-जास्त करायला पंख्याच्या रेग्युलेटरसारखी गुंडी आहे, पण ती गंजून एका जागी बसली आहे. काकांनी कधी ती फिरवलीच नाही. "आमी सगळ्याला सारखाच उजेड दिला. काळा आसू नाहीतर गोरा," म्हणाले. मी मनात म्हटलं, म्हणूनच तुमचे सगळे फोटो शाळेच्या फळ्यासारखे येतात.

१५ ऑक्टोबर

दसरा झाला आणि गर्दी सुरू झाली. येणारी जवळजवळ प्रत्येक बाई कानाशी येऊन एकच सांगते, जरा उजळ काढा. उन्हात राबून राबून माणसं करपलेली, आणि फोटोत मात्र पी हळद नि हो गोरी. हसू येतं, पण दोषही देववत नाही. वर्षातून एकदा काढायचा फोटो, त्यात तरी माणसानं छान दिसावं.

आमच्या धंद्यात गणित उलटं असतं. कागदावर जितका जास्त उजेड पडेल, तितकं चित्र काळं. उजेड तोडला, की माणूस गोरा. आज गुंडी काढली, रॉकेलनं धुतली, तेल घातलं. लोण्यासारखी फिरते. आता वेळ सगळ्यांना सारखी, उजेड मात्र ज्याच्या-त्याच्या हौशीप्रमाणे. काका बघून खूश झाले.

२३ ऑक्टोबर

कंबर मोडली, पण नाव झालं. लिंबागणेशहूनसुद्धा लोक येऊ लागले. भिवराबाईंचा मुलगा रामेश्वर आणि सून योगिता आज फोटो घेऊन गेले. योगितानं तीनदा माघारी पाठवला होता, अजून उजळ, अजून उजळ. शेवटी गुंडी निम्म्याच्याही खाली नेली, तेव्हा बाई हसल्या. सटवा नावाचे म्हातारे आहेत, शेळ्या राखतात. ते कुठे जाणार नाहीत, पण मुलगा-सून तोडीला चालले, घर एकट्या म्हाताऱ्यावर, म्हणून त्यांचाही काढला. त्यांनाही चांगलं गोरंपान केलं. ते म्हणाले, ह्यो कोण सायब हाय?

बल्ब हल्ली फार छान पेटतो. गुंडी इतकी खाली असूनही बल्बवरच्या पत्र्याच्या टोपणाच्या फटीतून पांढराशुभ्र उजेड येतो. खाली कमी आणि वर जास्त, हे कसं, ते बघायला सवड नाही.

१ नोव्हेंबर

सुकन्या दिवाळीला आली. तलवाड्याचं स्थळ आहे, मुलगा शिक्षक आहे. त्याच्या आजीला मोबाईलमध्ये दिसत नाही, फोटो हातात पाहिजे. काकांनी तिचा फोटो काढला. माझी पोर सावळी आहे. नाकी-डोळी देखणी, पण दोन स्थळं रंगावरून मोडली. ती म्हणाली, आई, आहे तशी काढ, त्यांनी मला समोर बघितल्यावर काय, रेग्युलेटर माझ्या तोंडाला लावणार आहेस? खूप हसलो दोघी.

ती गेल्यावर मी एकटीनं प्रिंट काढली. गुंडी कुणासाठी नेली नव्हती इतकी खाली नेली. चांदण्यासारखी आली माझी लेक. तिला दाखवली नाही, सरळ तलवाड्याला पाठवून दिली. आई झालं की एवढा खोटेपणा करावाच लागतो.

१७ नोव्हेंबर

गाव रिकामं झालं. ट्रॅक्टर गेले, फडावर राहायची झोपडी, कोपी, बांधायचं सामान गेलं, कोंबड्यासुद्धा गेल्या. स्टुडिओत माशा मारत बसते.

दुपारी सटवाबाबा रस्त्याच्या कडेला बसलेले दिसले. शेळ्या दावणीलाच ओरडत होत्या. मी विचारलं, आज सोडल्या नाहीत का. ते म्हणाले, उजाडू तर द्या बाई. ऊन डोक्यावर होतं. मी हात धरून त्यांना घरी पोचवलं. त्यांचे डोळे स्वच्छ आहेत, मोतीबिंदू वगैरे काही दिसत नाही. वाटभर विचारत होते, आज रात लई लांबली, कावून?

२९ नोव्हेंबर

भिवराबाई आल्या, रडत होत्या. तिकडे फडात रामेश्वरचा कोयता स्वतःच्या नडगीवर बसला. भर दुपारी त्याला ऊसच दिसेना. योगितालाही तेच, चुलीतला जाळ दिसत नाही, नुसता चटका कळतो. डॉक्टर म्हणतात डोळ्यांत दोष नाही. आजी मला म्हणाल्या, तू शिकलेली हाईस, काय आसंल सांग. मी म्हणाले, अशक्तपणा असेल.

मग त्यांनी नावं सांगितली, अजून कोणाकोणाचं असं झालं. एकूण एक माझी गिऱ्हाइकं. ज्यांना फोटो उजळ नको होता त्या नेकनूरच्या दोन जोड्या मात्र ठणठणीत.

योगायोग. दुसरं काय असणार?

१ डिसेंबर

एनलार्जरची वायर काढून ठेवली होती, पंधरा दिवस झाले. आज अंधाऱ्या खोलीत गेले तर फटीतून उजेड येत होता. पांढरा. पत्र्याला हात लावला तर कोमट, शेकलेल्या अंगासारखा. वायर माझ्या हातात, प्लग जमिनीवर.

जेवढा उजेड मी तोडला तेवढा सगळा आत, तिथेच आहे. कागदापर्यंत गेला नाही. फोटोतल्या माणसांपर्यंतही नाही. मला भीती वाटते आहे, हे कुणाला सांगू? काकांना सांगितलं तर म्हातारा हाय खाईल.

आणि मी सुकन्याला फोन केला. ती बरी आहे. थोडी वैतागलेली, वॉर्डातल्या ट्यूबलाइट बदलत नाहीत म्हणाली. फार मंद झाल्या आहेत.

ट्यूबलाइटच असतील. असू देत.

४ डिसेंबर

ट्यूबलाइट नाहीत. काल तिला शीर सापडली नाही, सुई दोनदा चुकली. आई, दिवसाढवळ्या तिन्हीसांज झाल्यासारखी वाटते, म्हणाली. मी तिला काहीच सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगू? आहे तशी काढ म्हणाली होती पोर.

बीडहून नवा बल्ब आणला. सटवाबाबांचं निगेटिव्ह घेतलं, गुंडी वर केली, भरपूर उजेड दिला. प्रिंट काळीकुट्ट आली. बाबांच्या घरी जाऊन बसले. काही फरक नाही. त्यांचा उजेड या बल्बमध्ये नाही, तो जुन्या बल्बमध्ये अडकला आहे.

५ डिसेंबर

जुना बल्ब परत लावला. सटवाबाबांचंच निगेटिव्ह. काय होतंय ते समजायला तेच एक जवळ होते. गुंडी अर्ध्याच्या वर.

पळत गेले. बाबा अंगणात उभे, शेळ्यांना नावानं हाका मारत होते. मला बघून म्हणाले, बाई, तुमी लई वाळलात. मी तिथेच बसून रडले.

परतले तेव्हा बल्ब काळवंडलेला. काचेला काजळी, आतली तार केसासारखी, मधोमध लोंबलेली. इतक्या वर्षांच्या सवयीनं सांगते, ती अजून एकदाच पेटेल.

एकदा. एनलार्जरमध्ये निगेटिव्ह एकच बसतं. भिवराबाईंची जोडी, किंवा माझी लेक. आणि बाकीचे सगळे —

झोप नाही. कुणीतरी दुसऱ्यानं ठरवावं असं वाटतं.

८ डिसेंबर

सुकन्याला रजा घ्यायला लावली. हॉस्टेलच्या खोलीत भिंत धरून चालते. रडत नाही, मलाच धीर देते.

आणि आज भिवराबाई मुला-सुनेला घेऊन आल्या. गावाकडे आणलं त्यांना. रामेश्वरच्या पायाला पट्टी, योगितानं त्याचा खांदा धरलेला, आणि दोघं भलतीकडेच बघत हसत उभे. सटवाबाबांनी गावभर सांगितलंय, फोटोवाल्या बाईनं दुसरा फोटो काढला अन दिसाया लागलं. भिवराबाई म्हणाल्या, आमचाबी काढ माय, काळा आला तरी चालंल. योगितानं पुढे येऊन माझा हात शोधला, सापडला तेव्हा कपाळाला लावला.

मी म्हणाले, बल्ब उडाला. नवा मागवला आहे.

खोटं बोलले. स्पष्ट लिहिते. माझ्या लेकीसाठी खोटं बोलले आणि पुन्हा बोलेन.

९ डिसेंबर

केलं. सुकन्याचं निगेटिव्ह. गुंडी कुठवर न्यायची कळेना. कमी पडला तर? पुन्हा संधी नाही. पार शेवटपर्यंत फिरवली.

सगळा उतरला. खोली इतकी पांढरी झाली की अंधाऱ्या खोलीतला नेहमीचा लाल दिवाही दिसेना. प्रिंट नुसता काळा कागद, त्यात तोंडच नाही. बल्ब गार पडला. तार तुटली.

फोन आला. दिसतंय, आई, लख्ख दिसतंय! हसत होती. देवा. माझं बाळ.

ते तिघं अजून ओट्यावर बसून आहेत. काकू त्यांना चहा देतात. मी दार लावून घेतलं.

१० डिसेंबर

सुकन्या म्हणते डोळे मिटले तरी दिसतं. पापणीतून दिसतं. रात्रभर चादर बांधून पडली होती, चादरीतूनही. आई, अंधारच होत नाही.

होईल कमी, म्हणाले मी. मलाच खोटं वाटलं.

सगळ्यांचा उजेड गेला तिच्यात. त्या जोडीचा, लिंबागणेशवाल्यांचा, सगळ्यांचा. एका जिवात.

११ डिसेंबर

दुपार. झोपली नाही ती. मीही नाही.

गुंडी खाली केली. वर केली. काही नाही, बल्ब मेलेला. नवा लावला, काही नाही. निगेटिव्हवर हात ठेवून बसले. काही नाही.

भिवराबाई दार वाजवतात. नवा बल्ब आला का, माय? हळू वाजवतात, मला त्रास नको म्हणून.

सुकन्याचा फोन. चालू ठेवलाय, बाजूला ठेवून लिहिते, हाताला काहीतरी हवं. आई, उजेड बंद कर, म्हणते. तेच तेच. मोठ्यानं नाही, अगदी दमलेल्या आवाजात. हा बाहेरून येतच नाही म्हणते, आत आहे, बुबुळाच्या मागे —

ड्रॉवर उघडला तिनं. आवाज आला. तिच्या ड्रेसिंगच्या ट्रेतल्या कात्रीचा, ओळखते मी तो —

सुकन्या, ठेव ते. मी निघाले, एसटी आहे, आत्ता निघाले. ठेव खाली, बाळा, थांब, मी काहीतरी —

शांत झाली. म्हणते आता थोडा कमी वाटतोय. एका बाजूनं. म्हणते आई, अजून दुसरा —