कॅनचं पाणी

शुक्रवार, ता. १२, दुपार

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. तू तिथे बरा असशील, आम्ही इथे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पत्र संपेपर्यंत त्यातलं 'मजेत' खोडावं लागेल, पण सुरुवात तरी नीट असू दे.

तुझ्या मागच्या पत्रांना उत्तर दिलं नाही. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण तू म्हणशील, टकळीला बोलायला वेळ नाही म्हणजे जगबुडीच झाली. टायरच्या दुकानाची चावी मालक आता तुझ्याकडे ठेवून जातो हे वाचून इतकं बरं वाटलं, की मी पत्र घेऊन ह्यांना वाचून दाखवायला उठलेच होते. मग परत बसले. का ते तुला माहीत आहे. गुडघा कसा आहे? जॅक पायाने दाबू नकोस, कितीदा सांगायचं?

लेक हॉस्टेलवर आहे, परीक्षा चालू आहेत. आम्ही गेल्या वर्षी स्वयंपाकघर नवं केलं. रंग फिकट पिवळा दिलाय, मीच पसंत केला होता, आणि आता मला तो डोळ्यासमोर नको होतो. कावीळ झालेल्या माणसासारखा दिसतो. बघ, कुठून कुठे गेले.

काविळीच्या साथीचं तू ऐकलं असशीलच. आधी खालची वस्ती आजारी पडली, मग बाजाराकडचे लोक. दवाखान्याच्या व्हरांड्यात गाद्या टाकल्या होत्या. किती गेले ते कुणी नीट मोजलंच नाही. आमच्या कामाच्या मावशी तुला आठवतात ना, आई गेली तेव्हा आठवडाभर माझ्याजवळ येऊन झोपायच्या त्या? त्यांची लेक गेली. पहिलटकरीण होती. पोटुशी बाई ह्या काविळीतून वाचणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले, जसं काही चूक तिचीच.

आमच्याकडे कुणाला काही झालं नाही. देवाची कृपा, असं मी सगळ्यांना सांगते.

मध्येच उठून चहा केला. मग कपबशी धुतली, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. आता पुसायला काही उरलं नाही, तेव्हा लिहिते.

सोमवारी मला चौकशी अधिकाऱ्यांसमोर जायचंय. पाण्याच्या प्रकरणाची चौकशी लागली आहे, आणि पाणी समितीचे अध्यक्ष हे, म्हणजे पहिलं नाव ह्यांचंच. शुद्धीकरण केंद्रात पाणी वाळूच्या थरांतून गाळतात. ती वाळू बदलायची होती. कागदावर बदलली. ठेकेदार ह्यांचा मित्र. त्यात कुणाचा किती वाटा होता ते मला विचारू नकोस, मला खरंच माहीत नाही. स्वयंपाकघर त्याच वर्षी झालं, एवढं माहीत आहे.

अधिकारी मला एकच गोष्ट विचारणार आहेत. तुमच्या घरी विकतच्या पाण्याचे कॅन कधीपासून येतात? आमचे वकील म्हणाले, "वहिनी, टेन्शन कसलं घेता! साथ आल्यावर सगळ्या गावाने कॅन घेतले, तुम्हीही घेतले, संपलं." साधंच आहे की. फक्त आमचा कॅन साथीच्या कितीतरी आधी, भर उन्हाळ्यात आला.

हे त्या दिवशी केंद्र बघून आले आणि आल्या आल्या म्हणाले, "आजपासून नळाचं पाणी प्यायचं नाही. वाळू जुनी झालीय. पण हे बाहेर बोलू नकोस, लोक उगाच घाबरतील." मला म्हणाले, बोलू नकोस! आणि दादा, मी नाही बोलले. मग पेपरात फोटो आला. हे, ठेकेदार, हार, फीत, नवी वाळू. मी खूश झाले. म्हटलं, "चला, आता नळाचं प्यायला हरकत नाही ना?" हे बूट काढत होते. मान वर न करता म्हणाले, "नको. कॅन असू दे."

मला त्या क्षणी कळलं. पण कळलं नाही, असं मी स्वतःला पुढे कित्येक महिने सांगत राहिले. डोळ्यांवर कातडं ओढणं म्हणतात ते फार सोपं असतं रे, ओढल्यावर ऊब येते.

परवा धीर करून ह्यांना म्हटलं, "अहो, माणसं मेली." तर केवढ्याने ओरडले! "मी काय कुणाचा गळा दाबला? तुझ्या भावाने माणूस मारला, स्वतःच्या हातांनी. तो गुन्हेगार. मी एक सही केली. माझ्या जागी कुणीही असता तरी केली असती." मला तोंडावर उत्तर सुचलं नाही. मला! तेव्हापासून घर झाडताना, भाजी चिरताना, मनातल्या मनात ह्यांच्याशी भांडतेय.

तू एका क्षणाच्या रागात त्या माणसाला ढकललंस. तो पायरीवर आपटला. तूच त्याला तुझ्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलंस आणि तिथूनच चौकीत जाऊन सांगितलंस, "हो, मी ढकललं." मी तेव्हा तुझ्यावर किती चिडले होते. साक्षीदार नाही, कुणी बघितलं नाही, गप्प बसला असतास तर सुटला असतास! हे म्हणाले, खुनी माणसाने माझा उंबरा ओलांडायचा नाही. आणि मी मूग गिळून बसले. तू शिक्षा भोगून आलास तरी बसलेच.

तुला विचार करायला वेळच मिळाला नाही. ह्यांना अख्खा उन्हाळा मिळाला. रोज सकाळी कॅनची तोटी सोडताना एकदा तरी विचार करता आला असता. आणि तुला त्या माणसाचं नाव माहीत आहे, त्याच्या बायकोचं घर माहीत आहे. वर्षातून एकदा तू तिच्या दारात जाऊन उभा राहतोस, ती दार लावून घेते, तू परत येतोस. हे कुणाच्या दारात जातील? ज्यांचं वाटोळं झालं त्यातलं एकही दार ह्यांना ठाऊक नाही. म्हणून ह्यांना झोप लागते. लोकही तसेच. तुझं नाव काढलं की आवाज खाली येतो, आणि ह्यांना अजून लग्नात पुढच्या खुर्चीवर बसवतात. मोठा गुन्हा कुठला रे? मारलेल्याकडे बघून मारणं, की कोण मरेल तिकडे बघायचंच नाही असं ठरवणं?

आणि तरी दादा, हे राक्षस नाहीत. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिची सगळी सेवा ह्यांनी हसत हसत केली. म्हणून तर जीव टांगणीला लागलाय. राक्षस असते तर सोपं झालं असतं.

अजून एक सांगायचंय. इतका वेळ टाळत होते.

मावशींनी आधीच जबाब दिलाय, की कॅन उन्हाळ्यापासून होता. म्हणून ह्यांनी पोलिसांत तक्रार केली, की मावशींनी माझं सोन्याचं कानातलं चोरलं. चोर बाईच्या शब्दाला कोण किंमत देतं? तक्रार दुपारी गेली आणि दिवस मावळायच्या आत पोलीस मावशींच्या दारात. पाण्याची चौकशी लागायला लोकांना मोर्चे काढावे लागले, आणि कानातल्यासाठी गाडी लगेच! चोर सोडून संन्याशाला फाशी. लेकीचं दुःख ताजं असलेल्या बाईला चौकीत बाकावर बसवून ठेवलं. आता सोमवारी मला तेही सांगायचंय, की हो, मावशींनीच घेतलं.

कानातलं माझ्या कपाटात आहे. लोकरीच्या मोज्यात. ह्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

खरं बोलले तर हे आत जातील. लेकीचं काय होईल? मला लोक खुन्याची बहीण म्हणायचे, तिला काय म्हणतील? खोटं बोलले तर मावशी आत जातील. दाराची बेल वाजली तरी पाचावर धारण बसते. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस ते लिही. नको, लिहू नकोस. तू काय लिहिशील ते मला ठाऊक आहे, म्हणून तर इतकी वर्षं तुझ्या पत्रांना घाबरत आले.

हे पत्र वाचून फाडून टाक. किंवा राहू दे, नको फाडूस.

तुझी
टकळी


सोमवार, ता. १५, संध्याकाळ

दादा,

आधीचं पत्र अजून तुझ्या हातात पडलं नसेल. तरी लिहिते. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

सकाळी साडी नेसले, केस विंचरले, आणि मोज्यातून कानातलं काढून घातलं. ठरवून केलं असं म्हणणार नाही. आरशात उघडे कान दिसले आणि हात आपोआप कपाटाकडे गेला. हे दारात उभे होते. बघून म्हणाले, "काढ ते." मी म्हटलं, "का? माझंच आहे ना?" मग म्हणाले, "शेवटी भावासारखीच निघालीस." आजवर हे वाक्य ऐकलं असतं तर रडून घर डोक्यावर घेतलं असतं. आज लागलं नाही. मी चपला घातल्या.

अधिकारीण आपल्या लेकीहून फार मोठी नसेल. सर्दीने बेजार झाली होती, सारखं नाक पुसत होती. तिने विचारलं, कॅन कधीपासून? मी म्हटलं, "उन्हाळ्यापासून. साथीच्या आधीपासून. हे म्हणाले होते, वाळू जुनी आहे." फोटो आल्यावरही कॅन बंद केला नाही, तेही सांगितलं. मग ती म्हणाली, चोरीला गेलेलं कानातलं कसं होतं? मी मान वळवून तिला कान दाखवला. तिने लिहायचं थांबवलं आणि पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. मला तो तोंडाला लावता आला नाही.

एवढंच झालं. तुला वाटेल टकळी जिंकली. थांब.

बाहेर व्हरांड्यात मावशी बसल्या होत्या, त्यांनाही बोलावलं होतं. त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. हात जोडायला लागल्या रे! मला ते बघवेना. मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "मावशी, मला माहीत होतं. नळाचं पाणी वाईट आहे हे मला आधीपासून माहीत होतं."

आता ते सांगते, जे शुक्रवारच्या पत्रात नाही. अधिकारिणीने विचारलं नाही, ह्यांना माहीत नाही, वकिलाला माहीत नाही.

कॅन आला तेव्हा मावशींनी विचारलं होतं, "ताई, हे विकतचं पाणी कशाला?" मी म्हटलं, ह्यांना पित्ताचा त्रास आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. मग एक दिवस काम आटोपल्यावर पदराला हात पुसत म्हणाल्या, "ताई, आमच्याकडे गढूळ येतं. जाताना तुमच्या नळाची बाटली भरून नेऊ का?" आणि मी म्हटलं, "न्या की मावशी, त्यात विचारायचं काय?" केवढा मोठेपणा! रोज संध्याकाळी त्या सिंकपाशी उभ्या राहून बाटली भरायच्या. कॅन हातभर अंतरावर होता. मी बघायचे आणि दुसरीकडे बघायचे. त्यांना कॅनमधलं भरा म्हटलं असतं, तर का म्हणून विचारलं असतं त्यांनी. एवढ्या एका प्रश्नाला मी घाबरले.

तर मावशींनी जोडलेले हात खाली घेतले. मग हळूच म्हणाल्या, "ती बाटली माझ्यासाठी नव्हती ताई. लेकीसाठी न्यायचे. म्हटलं, तिचे दिवस भरत आलेत, साहेबांच्या घरचं पाणी चांगलं असणार."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही बघत होता?"

मी म्हटलं, "हो."

त्या उठल्या आणि गेल्या. जिन्यात कठडा धरून धरून उतरल्या, मी मागे गेले नाही. एखादी शिवी दिली असती, एक थोबाडीत दिली असती, तर मी त्यांचे पाय धरले असते.

ह्यांच्या सहीबद्दल मी तुला चार पानं लिहिली. तराजू हातात घेऊन बसले होते, तुला एका पारड्यात घातलं, ह्यांना दुसऱ्या. मी स्वतः कुठे बसते ते बघितलंच नव्हतं. मी सही केली नाही, पैसे घेतले नाहीत, कुणाला ढकललं नाही. न्या की, म्हटलं. ह्याला कुठलं कलम लावतात रे? ह्यांचा गुन्हा ह्याने लहान होत नाही. त्यांची शिक्षा त्यांनी भोगायचीच आणि मी त्यांना डबा नेऊन देईन. पण मला शिक्षा द्यायला कुणी येणार नाही.

लेकीला फोन करून सगळं सांगितलं, बाटलीचंही. ती रडली आणि तिने फोन ठेवला. हे आतल्या खोलीत आहेत, वकिलाशी बोलतायत. मला जेवायला हाक मारली नाही, मीही त्यांना मारली नाही. कॅन रिकामा झालाय.

मावशींचं दार मला ठाऊक आहे. खालच्या वस्तीत, पिठाच्या गिरणीमागे, हिरवं, खाली पत्रा लावलेला. उद्या जायचंय. त्या दार लावून घेतील आणि त्यांनी घ्यावंच. पण लावून घेण्याआधी एक क्षण मिळेल. त्यात काय बोलायचं, ते मला सुचत नाही. घरी आल्यापासून जुळवतेय, प्रत्येक वाक्य तोंडात आल्यावर खोटं वाटतं.

दादा, तू त्या बाईच्या दारात उभा राहतोस तेव्हा पहिलं काय म्हणतोस? कडी वाजवतोस, की हाक मारतोस? तुला कधी विचारलं नाही, ऐकायचंच नव्हतं मला. आता तेवढं एक वाक्य लिहून पाठव. उत्तर यायच्या आत मी एकदा जाऊन आलेली असेन आणि दार लागलेलं असेल. दुसऱ्यांदा जाताना ते वाक्य लागेल.

तुझी बहीण,
टकळी