घरी कोण कोण असतं

मासुदा
ता. १४ डिसेंबर

ती. यासुनोरीमामांस,
चिनात्सुचा सा. न. वि. वि.

भाचीचं पत्र आलं म्हणून घाबरू नका. आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळं आईला ऐकू जातं, म्हणून लिहिते आहे. तुमच्या ओढ्यात लावलेल्या वसाबीची तिखट मुळं पोचली. आई म्हणाली, इतकी झणझणीत निघाली म्हणजे दादाचा ओढा यंदा कुणावर तरी रागावलेला दिसतो. तिचे हात आता अजिबात उचलले जात नाहीत, बोलणंही अडखळतं. पण टोमणा मारताना अडखळत नाही.

नर्सिंग शाळेची प्रवेशपरीक्षा जानेवारीत आहे. सकाळी भाषा आणि गणित, मग निबंध, दुपारी मुलाखत. गणितात पाण्यात मीठ किती टक्के, औषध किती पातळ करायचं, असली उदाहरणं असतात, ती जमतात. भीती मुलाखतीची आहे. आमच्या वर्गाच्या नोसाकाबाई रोज तयारी करून घेतात. दारावर तीनदा टकटक करायची, हाक आल्याशिवाय आत जायचं नाही, बसा म्हणेपर्यंत बसायचं नाही. घरी पलंगावरून आई परीक्षक होते. काल म्हणाली, हे वाकून नमस्कार करणं आहे की खाली पडलेलं बटण शोधणं?

खरी अडचण पुढे आहे. ही शाळा इस्पितळाची आहे. फी नावापुरती, आणि घरून बसने जाता येईल अशी एवढीच. पण मधेच सोडून जाणाऱ्या मुली त्यांना नको आहेत. म्हणून बाई म्हणतात, घरी कोण कोण असतं असं विचारलं तर सांग की आई आणि आजी, आणि आईचं सगळं आजी बघते. मामा, आजीला जाऊन तीन वर्षं झाली. बाई म्हणतात, तिथलं कुणी घरी येऊन बघत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.

मामींना नमस्कार. तुमची माया आहेच, ती तशीच असू द्या.

आपली,
चिनात्सु

हिकिमी
ता. २० डिसेंबर

चि. चिनात्सुस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आधी ओढ्यावर वाचलं, मग घरी देवघरासमोर बसून वाचलं. इथे बर्फ गुडघ्याच्या वर गेलं आहे. तुझी मामी म्हणते, आता तुमच्यापेक्षा ते फावडंच जास्त कामाचं.

मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. मुलाखत कधी दिली नाही. ओढ्याने मला ठेवून घेताना काही विचारलं नव्हतं. नोसाकाबाईंना नावं ठेवू नकोस, त्यांना तुझं भलंच हवं आहे. पण गेलेल्या आजीला उठवून पुन्हा कामाला जुंपायचं, हे मला पटत नाही. ती जन्मभर राबली, आता तिला बसू दे.

आणि तुझ्या घरात लपवण्यासारखं काय आहे? आईला कुशीवर वळवणं, घास नीट गिळला जाईपर्यंत मान धरून ठेवणं, हे तू लहान असल्यापासून करते आहेस. ती शाळा आणखी काय शिकवणार आहे? समोर बसलेल्या बाया कधीकाळी नर्सच होत्या. त्यांना कळेल. खरं तेच सांग. दारावर टकटक करण्याआधी मनात अमिदा बुद्धाचं नाव घे. मोठ्याने घ्यावं लागत नाही.

तुझ्या आईला, सायोकोला म्हणावं, दादा मजेत आहे. तुझ्यावरचा जीव कमी झालेला नाही, हे लिहायची गरज नाही, तरी लिहितो.

तुझा मामा

मासुदा
ता. ३ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुम्हाला वाट बघायला लावली. आधी लिहवत नव्हतं.

त्यांनी विचारलं. तिघं जण होते, दोन बायका आणि एक वयस्कर गृहस्थ. चष्मेवाल्या बाईंनी विचारलं की घरी कोण कोण असतं, आणि तुम्ही इस्पितळात प्रात्यक्षिकाला असताना आईकडे कोण बघेल. मी सगळं खरं सांगितलं. मामा, त्या इतक्या प्रेमाने ऐकत होत्या. मला रडू आलं तर त्यांनी कागदी रुमाल पुढे केला. बाहेर पडले तेव्हा वाटलं, तुम्ही म्हणालात तसंच झालं.

निकालाच्या फलकावर माझा नंबर नव्हता. नोसाकाबाईंनी ओळखीतून चौकशी केली. लेखी पेपर चांगले होते. मुलाखतीच्या कागदावर शेरा होता की मुलगी गुणी आहे, पण घरचा भार पाहता तीन वर्षं टिकणार नाही. बाई मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आईला मी गणित वाईट गेलं म्हणून सांगितलं आहे. तुम्हीही तेच सांगा. मार्चमध्ये उरलेल्या जागांसाठी पुन्हा परीक्षा आहे, पण पुन्हा तेच तिघं असतील.

तुमच्यावर राग नाही. कळावे.

चिनात्सु

मासुदा, तुमच्या घरी
ता. १९ फेब्रुवारी

चि. चिनात्सुस आशीर्वाद.

हे पत्र टपालाने आलेलं नाही. तू शाळेतून येशील तेव्हा ते भाताच्या कुकरला टेकवलेलं असेल. आधी खाली बस, मग वाच.

तुझ्या गणितावर सायोकोचा विश्वास बसलाच नव्हता. तिने शेजाऱ्याकडून फोन लावून घेऊन मला सरळ विचारलं. सरळ विचारलेल्याला वाकडं उत्तर देणं मला येत नाही. सांगून टाकलं. तेव्हा ती म्हणाली की डोंगरापलीकडच्या शुश्रूषागृहात एक जागा रिकामी झाली आहे, नगरपालिकेची बाई विचारून गेली आहे, तू गाडी घेऊन ये. मी नको म्हटलं. तेव्हा तिने विचारलं, मार्चमध्ये पोरीला पुन्हा तेच विचारलं तर तिने काय सांगायचं? फोन ठेवून मी गाडीतल्या पेट्या उतरवायला गेलो.

तू घरी असतीस तर दारात आडवी पडली असतीस, म्हणून आजचा शाळेचा दिवस निवडला. गाडीत वसाबीच्या पेट्या असतात तिथे गादी अंथरली. ती म्हणाली, दादा, बाजारात मला काय भावाने लावणार ते आधी सांग. तिला उचलायला आलेल्या शेजारच्या माणसाला हसू आवरलं नाही. मी गाडी सुरू केली. तिला तिथे पोचवून, परत येऊन हे लिहितो आहे.

जेवून घे. मामाला शिव्या द्यायच्या असतील तर पत्रात दे, मी वाचीन.

तुझाच,
मामा

मासुदा
ता. २६ फेब्रुवारी

मामांस,

शिव्या येत नाहीत.

रविवारी तिकडे गेले होते. आईला पाठीवर सरळ निजवलं होतं. डाव्या बाजूला पाठीमागे उशी लागते असं मी तिथल्या मुलीला सांगितलं. ती हो म्हणाली आणि धावत दुसऱ्या खोलीत गेली. सगळा मजला तिच्या एकटीच्या अंगावर आहे. आई म्हणते, इथे सगळं छान आहे. म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. परत घेऊन जाते म्हटल्यावर डोळे मिटून घेतले. परीक्षेला बसत नाही म्हटल्यावर मात्र उघडले, आणि म्हणाली की मग मला इथे ठेवून काय मिळवलंत?

अर्ज भरला आहे. तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी.

चिनात्सु

मासुदा
ता. २० मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

पास झाले. पुढच्या महिन्यात शाळा सुरू होईल.

तुम्हाला एक सांगायचं आहे, आणि ते फक्त तुम्हालाच. मुलाखतीला या वेळी निराळेच तिघं होते. मी रस्ताभर उत्तर घोकत गेले होते, की घरी मी एकटीच असते. त्यांनी विचारलं, कोणता विषय अवघड जातो, बर्फात बस बंद पडली तर कशी याल, शाळेत कोणता खेळ खेळता. मग म्हणाले, या आता. मी उठलेच नाही. मला वाटलं अजून एक प्रश्न राहिला आहे. तेव्हा त्यांच्यातल्या बाईंनी हसून पुन्हा सांगितलं की झालं, तुम्ही जाऊ शकता.

घरचं कुणी काही विचारलंच नाही, मामा.

आईला हे कळता कामा नये. विचारलं होतं असं तुम्ही सांगा. माझ्या तोंडावरून ती ओळखेल. तुम्ही खोटं बोलत नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणून तुमचंच ऐकेल.

एवढं माझ्यासाठी करा.

आपली,
चिनात्सु

हिकिमी
ता. २४ मार्च

चि. चिनात्सुस अनेक आशीर्वाद.

काल जाऊन आलो. सांगितलं.

वाटलं होतं एका वाक्यात भागेल. पण सायोकोने खोदून खोदून विचारलं. कुणी विचारलं, कोणत्या शब्दांत, पोरीचा आवाज कापला का. मी एकेक सांगत गेलो. तिने ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि माझं न चुकता जमलं. ती हसली. तिला एवढं हसताना मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. परत येताना घाटात गाडी उभी केली. नाम घ्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

तू जाशील तेव्हा ती तुलाही विचारणार. आपल्या दोघांच्या सांगण्यात फरक पडायला नको, म्हणून मी काय सांगितलं ते नीट लक्षात ठेव. प्रश्न त्याच चष्मेवाल्या बाईंनी विचारला. तू आधी थोडी थांबलीस. मग म्हणालीस, आईची सोय चांगल्या ठिकाणी झाली आहे, आता घरी मी एकटी. बाईंनी शेजारच्या गृहस्थांकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. आवाज कापला नाही.

दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघ. मामाचा लोभ आहे.

यासुनोरी